सोमवारचा अर्ज

"रेवतीताई, एवढा कामाचा अर्ज आज राहू द्या," नोंदणी अधिकारी कासले अजिजीने म्हणाले. "सगळी कामं यंत्रांकडे गेल्यापासून कुणी काम मागत नाही, आणि न मागणाऱ्याला आपण बेरोजगार धरत नाही. शेजारच्या देशात बेरोजगारी नऊ टक्के, आपल्याकडे शून्य. ते शून्य तुमच्या एकटीमुळे बिघडतं हो!"

बावीस वर्षं लेथ चालवलेल्या रेवतीताईंनी दर सोमवारसारखा अर्ज नोंदवायच्या यंत्रावर अंगठा टेकवला. भिंतीवरच्या फलकावर शून्यापुढे टिंब आणि बारीक आकडे उमटले.

"तिकडे शंभरातले किती जण कामावर आहेत?"

"साठ."

"आणि आपल्याकडे?"

कासलेंनी रिकाम्या कार्यालयावरून नजर फिरवली. "मी आहे."

"मग तोही आकडा लावा फलकावर. तोवर मी येणारच."