सहीखालची रेघ

आमदारसाहेबांनी पंचवीस वर्षांत दारी आलेल्या कुणालाही 'नाही' म्हटलं नाही. येईल त्याला चहा, पाठीवर थाप आणि शिफारसपत्र! फक्त अधिकाऱ्यांना तेवढं पढवून ठेवलेलं होतं: सहीखाली रेघ असेल तर काम करायचं, नसेल तर पत्र फायलीला लावून विसरून जायचं. लोकांना याचा पत्ता नव्हता, पण पत्रं टाइप करणाऱ्या पीएला सगळं ठाऊक होतं.

यंदा त्याच पीएनं निवडणुकीत साहेबांना चारी मुंड्या चीत केलं.

पुढच्याच महिन्यात साहेबांच्या लेकीची बदली कुठल्या कुठे झाली. ती रद्द करून घ्यायला साहेब मुकाट्यानं नव्या आमदाराकडे गेले. त्यानं उठून स्वतःची खुर्ची दिली, पानभर पत्र लिहून हातात ठेवलं. "साहेब, काम झालंच म्हणून समजा!"

घरी बायकोनं पत्र मोठ्यानं वाचलं आणि तिला भरून आलं. "किती मनापासून लिहिलंय हो! पोरगा तुमचे उपकार विसरला नाही."

साहेबांनी पत्र घेऊन थेट सहीखाली पाहिलं. तिथं कोरं होतं.

"शिकवलेलंही विसरला नाही."