दोन टिचक्या

"बाई, वर्गात माझ्याहून छान वाचणाऱ्या निदान दहा जणी आहेत. मग तिला वाचून दाखवायला मीच का?"

प्रश्न विचारला भिंगरीने, पण तो तिचा नव्हता. मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि हल्ली पैज म्हटली की तिला राहवत नसे. भिंगरी हे नावही त्यांनीच ठेवलेलं, अगदी ताजं. सत्राच्या सुरुवातीला हीच मुलगी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची.

बाईंनी वह्यांच्या गठ्ठ्यावरून मान वर केली. "कारण तू चिकाटी सोडत नाहीस," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लाल पेन चालवू लागल्या.

मैत्रिणींना उत्तर फुसकं वाटलं. भिंगरीला मात्र दिवसभर आतून गुदगुल्या होत राहिल्या.

रोज शेवटच्या तासाला ती जिन्याखालच्या छोट्या खोलीत जायची. तिथे चाकांच्या खुर्चीत चिमुरडी बसलेली असायची. वय नऊ, वेण्या दोन, आणि नजर अशी की समोरच्याने खिशातलं चॉकलेट आपणहून काढून द्यावं. हातपाय तिचं ऐकत नसत, शब्द तोंडातच अडकत. बोलायचं ते ती उजव्या हाताच्या एका बोटाने बोलायची. खुर्चीच्या फळीवर एक टिचकी म्हणजे पुन्हा. दोन टिचक्या म्हणजे पुढे.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की सत्र संपायच्या आत हे पुस्तक संपलं पाहिजे. पुढच्या वर्गात टिकायचं तर वाचन पक्कं हवं.

पुस्तक समुद्रप्रवासाचं, उशीएवढं जाड. भिंगरीने ते फारच मनावर घेतलं. ओळीखाली पट्टी धरून ती एकेक शब्द सावकाश वाचायची. टक. पुन्हा. टक. पुन्हा. पहिल्या दिवशी एका पानाला चौदा टिचक्या पडल्या. आकडे भिंगरीच्या डोक्यात न सांगता बसत. किती वेळा तेच ते, असं मनात येई. पण त्या वेण्यांवर चिडणं काही जमत नसे. कधीकधी तर ती पानाच्या मध्यावर असतानाच दोन टिचक्या पडत. पोरीला धीर म्हणून नाही, असं म्हणून ती हसून पान पुरं करी.

हळूहळू टिचक्या कमी होत गेल्या. नऊ, पाच, दोन. आपण कुणालातरी शिकवू शकतो, या कल्पनेनेच भिंगरीची मान ताठ झाली.

तास संपला की चिमुरडी मांडीवरच्या टॅबवर एका बोटाने बराच वेळ काहीतरी करत बसे. खेळत असेल, म्हणून भिंगरी दप्तर उचलून पळे.

घरी जेवताना चिमुरडीचंच पुराण. तुझी शिष्या काय म्हणते, असं बाबा विचारत. "मेहनती आहे, पण एकदा सांगून कळत नाही तिला," भिंगरी ऐटीत सांगे. बाबांना ठसका लागे. आई पाण्याचा पेला पुढे सरकवी.

गणित स्पर्धेचं नाव मात्र कुणी काढत नसे. तोंडी हिशेबात भिंगरी बाबांच्या कॅल्क्युलेटरलाही मागे टाकायची. तरी गेल्या वर्षी तिचा अर्धा पेपर कोरा राहिला होता. लक्ष नव्हतं, असं सगळे म्हणाले. पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, असं म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं. या वर्षीचा अर्ज आईने न बोलता फ्रिजवर ठेवला होता. उद्या शेवटचा दिवस.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एकही टिचकी पडली नाही.

भिंगरीने चिमुरडीला खुर्चीसकट मिठी मारली. टॅब मांडीवरून घसरला, तो तिने वरच्यावर झेलला. पडद्यावर तारखेवार ओळी होत्या. भिंगरीने त्या वाचल्या. सगळ्या, पट्टीशिवाय.

मग तिने टॅब हळूच परत चिमुरडीच्या मांडीवर ठेवला. चिमुरडीचे कान लाल झाले होते. शेवटी तिनेच फळीवर बोट आपटलं. दोनदा.

पुढे.

"मग, पास झाली का तुझी शिष्या?" घरात पाऊल टाकताच बाबांनी विचारलं.

भिंगरीने फ्रिजवरचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. "हा मी भरतेय. जादा वेळ हवा का, त्या चौकटीतही खूण करणार. आणि तुम्ही म्हणत होतात ती वाचनाची तपासणी करायची, उद्याच वेळ घ्या. या वेळी दार लावणार नाही." आई कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. "आणखी एक ठरवलंय. पुढच्या सत्रातही मी त्या खोलीत जाणार. आमच्या बाईंचा शेरा आहे, की आता याहून जाड पुस्तक घेऊ."

"कुठल्या बाईंचा?" आईने जपून विचारलं.

"चाकांच्या खुर्चीतल्या. माझ्या पहिल्या पानातल्या चौदाच्या चौदा चुका लिहून ठेवल्यात त्यांनी."