मालक नसलेलं जाळं

"ताई, हे जाळं तुम्हीच उभं केलंत ना? मग माझ्या लेकीचा तो खोटा, घाणेरडा फोटो पुसून टाका," यमुनाबाई रडत म्हणाली.

आंदोलनात इंटरनेट बंद झालं, तेव्हा शाल्मलीने डोंगरातल्या पाड्यांना आपसांत जोडणारं हे जाळं विणलं होतं. मधला सर्व्हर नाही, मालक नाही. प्रत्येक पाड्यावर छोट्या संगणकाचा एक डबा, आणि त्यात जाळ्यावरच्या सगळ्याची प्रत. "हे कुणालाच बंद पाडता येणार नाही," असं ती सभांमधून छातीठोकपणे सांगायची.

ती जीप घेऊन निघाली. एका डब्यातून फोटो पुसावा, तर शेजारच्या पाड्यावरचा डबा तो इमानाने परत पाठवी. शेवटी सगळीकडून फोटो पुसून होईपर्यंत सगळे डबे एकदम बंद ठेवा, म्हणून तिने हात जोडले.

"मालक कुणीच नाही म्हणालात ना, ताई? मग हुकूम कसला सोडता?" पाड्यावरचे तरुण हसले.

ती परतली तेव्हा यमुनाबाईची सुमन बारावी सोडून आईबरोबर सुरतेला मजुरीला निघाली होती.

"तुमचं नेटवर्क तिथवर नाही ना येत?" सुमनने विचारलं.

"नाही," शाल्मली म्हणाली. आपल्या कामाबद्दल बरं वाटावं असं तिच्यापाशी आता एवढंच उरलं होतं.