एकतीस नंबरचा जॉब

"मेकॅनिकल सोडून काहीही घ्या," वर्कशॉपचे प्रमुख कमलाकांत सर म्हणाले. "सिव्हिल घ्या, डिप्लोमा तुमचा सिव्हिलचाच आहे. इलेक्ट्रिकल घ्या. पण मेकॅनिकल नको."

"काहून सर?" मोतीरामनं विचारलं.

अमरावतीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मोतीराम बावीस वर्षांपासून वर्कशॉपचा शिपाई होता. रोज बडनेऱ्याहून सायकलनं यायचं, लेथची यंत्रं पुसायची, लोखंडाचा कीस झाडायचा, पोरांना हत्यारं काढून द्यायची. नोकरी सांभाळून त्यानं संध्याकाळच्या वर्गातून डिप्लोमा काढला. तिथं सिव्हिलच होतं, म्हणून सिव्हिल. आता ह्याच कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळची डिग्री निघाली होती, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. शाखा तीन, आणि अर्ज भरायचा आज पाचच्या आत. शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर!

"मोतीराम, तुमचा हात..." सरांनी सुरुवात केली आणि टेबलावरचा फोन वाजला. विद्यापीठाचा फोन, लवकर संपतो कशाला. वाक्य तसंच राहिलं.

बाहेर येऊन मोतीरामनं ते वाक्य आपल्या मनानं पुरं केलं. तुमचा हात झाडूचा. दुसरं काय असणार? बावीस वर्षं ज्याला चहा सांगायला पाठवलं, त्याला वर्गात 'बसा' म्हणायचं म्हणजे जीभ जड होणारच. त्याचे कान तापले. इतक्या चांगल्या माणसाच्या पोटात हे असावं, ह्याचं त्याला फार वाईट वाटलं.

घरून बायकोचा, शालूचा फोन आला. "कम्प्युटर घेता येत नाही काय हो? पंख्याखाली बसाचं काम. सारी जिंदगी लोखंडात गेली, अजून लोखंडच पायजे तुमाले?"

"कम्प्युटर नाही त्याच्यात. अन् मले लोखंडच पायजे."

"मंग घ्या! मले काहून विचारून राहिले?"

"तूच फोन केला ना वो!"

ती हसली आणि त्याचं मन जरा हलकं झालं.

खरी गोष्ट त्यानं तिलाही कधी सांगितली नव्हती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येक पोराला लोखंडाचा दांडा मिळतो. लेथवर फिरवून, कापून तो मापात उतरवायचा, की झाला जॉब. मग आकड्यांचे पोलादी ठसे, म्हणजे पंच, धरून हातोडीनं त्यावर आपला नंबर ठोकायचा आणि ट्रेमध्ये ठेवायचा. पोरांचे जॉब बिघडत. रडकुंडीला आलेलं पोर 'मोतीरामभाऊ' म्हणत मागं यायचं, आणि मोतीरामला दया यायची. तो नवा दांडा लावायचा, मापात आणायचा आणि शेवटी कडेवरून झिजलेल्या कानशीचा एक हलका हात फिरवायचा. नंबर पोराचा. असे किती जॉब गेले, किती पोरं इंजिनिअर झाली, देव जाणे. नोकरी लागली की पेढे घेऊन यायची, त्यातच हा खूश.

पण अलीकडे एकच गोष्ट मनात घर करून बसली होती. एक डाव, फक्त एक डाव, आपल्या हातच्या जॉबवर आपला नंबर ठोकायचा. सिव्हिलमध्ये कुठला जॉब अन् कुठला नंबर?

पाचला दहा मिनिटं असताना त्यानं मोबाइलवरच्या अर्जात मेकॅनिकलवर बोट दाबलं. कमलाकांत सरांना कळलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. "बरं. अभ्यास करा," एवढंच म्हणाले.

आणि केला की त्यानं अभ्यास! गणितानं रडवलं, पण सोडलं नाही. पोरांच्या वयाचे मास्तर त्याला 'काका' म्हणून शिकवत. मोतीराम मागच्या बाकावर बसून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचा.

परीक्षेचा दिवस उजाडला. लेथसमोर उभं राहताना तो घाबरला होता. हातांना मात्र कसली भीती? जॉब मापात उतरला. कडेवरून कानस फिरली. त्यानं तीनचा पंच धरून ठोका घातला, मग एकचा. एकतीस. त्याचे डोळे भरून आले. कोणी पाहू नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात केबिनमधून हाक आली, "ट्रे आणा रे आत!" मोतीरामनं सवयीनं शिपायाचा निळा कोट चढवला, ट्रे उचलला आणि केबिनमध्ये नेऊन ठेवला. परीक्षार्थ्यानं बाहेर थांबायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आत अकोल्याहून आलेले परीक्षक एकटेच बसले होते. गौरांग सर. बारा वर्षांपूर्वी ह्याच वर्कशॉपमधला विद्यार्थी.

"अरे, मोतीरामभाऊ! अजून इथंच?" त्यांनी आपुलकीनं हात धरला. मग एकेक जॉब मापून बघू लागले. एकतीस नंबरचा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"मोतीरामभाऊ, तुमचा हात कुठं लपतो का? माझाही जॉब तुम्हीच केला होता. तुमचे उपकार मी विसरलो नाही. पण आता मी ह्या खुर्चीत बसलोय, हे चालू देणार नाही."

त्यांनी नंबरांच्या यादीत एकतीससमोर शून्य लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

कमलाकांत सरांचं अर्धं राहिलेलं वाक्य मोतीरामला आत्ता पुरं ऐकू आलं.

"बोलवा त्या एकतीस नंबरला आत. बघू तरी, कोण साहेब आहेत ते."

मोतीराम सवयीनं दाराकडे वळला. दोन पावलं गेलाही. मग थांबला, निळा कोट काढला, घडी करून स्टुलावर ठेवला आणि परत येऊन टेबलासमोर उभा राहिला.

"हजर, सर."