चौसष्ट खुर्च्या

मोनालीनं आईला, गिरजाबाईंना, आपला प्रोग्राम दाखवला. प्रोसेसरनं मेमरीतून एक बाइट मागितला, तरी शेजारचे त्रेसष्ट सोबतच येतात. पासष्टावा मागितला की मगच उशीर लागतो, त्यावरून तिनं आकडा काढला होता.

"म्हणजे बोलवा एकाले, येते चौसष्ट," गिरजाबाई म्हणाल्या. "आपल्या पाहुण्यायसारखंच."

रविवारी मोनालीला पाहायला कुरुदचा अतुल येणार होता. "मी एकटाच येतो," असं त्यानं फोनवर सांगितलं. तरी गिरजाबाईंनी टेंटवाल्याकडून चौसष्ट खुर्च्या मागवून क्वार्टरच्या अंगणात मांडल्या.

अतुल खरंच एकटा आला. मोनालीला तो फार आवडला.



तो गेल्यावर गिरजाबाई म्हणाल्या, "नाही म्हणून कळवून टाक. एकाले बोलावलं तं एकच आला, पीस खराब हाय."