कोऱ्या साडीचं पोतेरं

दुर्गापूजेला लेकानं आणलेली खळीची कोरी सुती साडी निहारबालानं घडी मोडल्यापासून सोडलीच नाही. रोज तळ्याच्या पायरीवर धोपटायची, कडक उन्हात वाळवायची, की पुन्हा तीच अंगावर. दिवस भरत आलेल्या सुनेला, शेफालीला, नुसतं बघूनच थकवा यायचा.

"मा, नव्या साडीचं पार पोतेरं केलंत! जुन्या कुठं गेल्या?"

"तुझ्या नणंदांच्या पोरांना गोधड्या शिवण्यात संपल्या," दुखरा खांदा चोळत म्हातारी म्हणाली.

"सगळी माया लेकींवरच," शेफाली पुटपुटली आणि बाळंतपणाला माहेरी निघून गेली.


ती बाळाला घेऊन परतली, तेव्हा पाळण्यात त्याच साडीची गोधडी अंथरलेली होती. म्हातारी म्हणाली, "कोरं कापड तान्ह्याला टोचतं गं."