लंडनचे न्यायमूर्ती

झरी जामणीच्या गिरजाबाई आत्राम बळकावलेल्या शेतासाठी अकरा वर्षं कोर्टात खेटे घालत होत्या. त्या दिवशी लंडनचे निवृत्त न्यायमूर्ती कोर्टाच्या सभागृहात व्याख्यान द्यायला आले, म्हणून कामकाज बंद राहिलं आणि गिरजाबाईंना पुन्हा पुढची तारीख मिळाली. त्यात सभागृहातली मागची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून त्यांच्या वकिलानं त्यांनाच तिथं बसवलं.

वकीलच भाषणाचं मराठी करून सांगत होता. "साहेब म्हणतात, तीस वर्षांच्या कारकिर्दीत मी एकाही गरिबाला विनाकारण तारीख दिली नाही."

गिरजाबाई ताडकन उठल्या. "मंग इचारा त्यायले, मी आज वापस कायले चालली? यायच्या भाषणापायीच माही तारीख पुढं गेली!"

न्यायमूर्तींनी वकिलाकडे पाहिलं.

वकील हसून इंग्रजीत म्हणाला, "बाईंना तुमचं भाषण फार आवडलं."